देवी काढायचा कौल

देवीच्या अंगावर चिकटवलेल्या दोन पाकळ्यांपैकी एकच आधी का पडते, हा प्रश्न मला नवव्या वर्षी पडला. पडायला नको होता, असं आमच्या आत्याचं मत. पोरीच्या जातीनं भाताला पाणी किती घालायचं ते विचारावं, देवी कशी बोलते ते विचारू नये. पण मी जन्माची चौकस. आजही कोणाच्या घरी गेले की डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते बघते आणि माझी सून चारचौघांत लाजून अर्धी होते. होऊ दे.

नागाव आणि चौलच्या मधे आमची वाडी होती. वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. मधोमध विहीर, विहिरीवर रहाट आणि पाण्याच्या पाटाच्या कडेला घर. वडील मचव्यावर खलाशी होते. रेवदंड्याहून नारळ-सुपारी भरून मचवा मुंबईला निघाला की महिना-दीड महिना घरात आम्ही चौघंच उरायचो: आई, आत्या, मी आणि माझा आठ महिन्यांचा भाऊ. माझ्यानंतर आईची दोन मुलं जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. त्यामुळे हा भाऊ म्हणजे तळहातावरचा फोड. तो शिंकला तरी आई हातातलं टाकून धावायची.

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर, पाठोपाठ एकुलता मुलगाही गेल्यावर, ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिच्या तोंडावर देवीचे वण इतके होते की मी तिच्या मांडीवर बसून ते मोजायचे. दुसरी कोणी असती तर मला बदडून काढलं असतं. ती मोजू द्यायची आणि मी विसाच्या पुढे चुकले की म्हणायची, "पुन्हा पयल्यापासून मोज, मेले, शाळा शिकतेस ना?"

त्या वर्षी माघात मासळी विकणारी कोळीण टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "खाडीपल्याड दोन घरांत देवी हायेत. मी तिकडं टोपली न्हेत न्हाय आता." आईच्या हातातली बोंबलांची जुडी तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी शाळेत मास्तरांनी सांगितलं, येत्या मंगळवारी देवीचे डॉक्टर शाळेच्या पडवीत बसणार आहेत, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ते देवी काढायला आणावं. लस टोचण्याला आमच्याकडे देवी काढणं म्हणत. डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत, सायकलवरून गावोगाव फिरणारे टोचणारे. पण खाकी पँट आणि चामड्याची पिशवी असली की आम्हाला तो डॉक्टरच.

मी घरी येऊन निरोप सांगितला. आई काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "पोराला सुई लावायची न्हाय."

"वन्सं, खाडीपल्याड आली हाय ती."

"म्हनूनच सांगते. माझ्या पोराच्या टायमाला मी देवळात कौल लावला व्हता. डावा आला. देवी न्हाय म्हनली. मी गप बसले. मग दहा दिवसांनी देवी आळीत घराघरांतून पोरं उचलायला लागली, आनि सासरच्यांनी धरून माझ्या पोराला टोचवलं. चौथ्या दिवशी अंगभर फुलला. सातव्या दिवशी गेला. देवीचा शबुद मोडला आम्ही."

हे ती तांदूळ निवडता निवडता बोलली आणि एकही खडा सुपात राहू दिला नाही. दुधानं तोंड भाजलेली बाई होती ती. ताक फुंकून पीत होती, तिला कसं हसणार? आई बराच वेळ बाळाच्या पायाची बोटं कुरवाळत बसली. मग म्हणाली, "त्याचा बाप असता तर..."

"बाप दर्यात हाय."

"मग आपनबी कौल लावू. ती काय सांगंल ते."

आत्याला हे पटलं. मला तर फारच पटलं. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला, खरं सांगते.

कारण कौल हा त्या वर्षीचा माझा अभ्यास होता. आमच्या गावदेवीची काळ्या दगडाची मूर्ती होती, माझ्या कमरेएवढी. कोणाचं लग्न ठरत नसेल, गाय हरवली असेल, मचवा वेळेवर आला नसेल, की माणसं देवळात जायची. गुरव मूर्तीला आंघोळ घालायचा, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायचा, आणि एक देवीच्या उजव्या खांद्याला, एक डाव्या खांद्याला चिकटवायचा. मग प्रश्न. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. फुलं आणि पाणी ज्याचा प्रश्न त्याच्या घरून न्यायचं आणि तबक शक्यतो घरातल्या कुवार पोरीनं धरायचं. आमच्या आळीत कुवार पोर म्हणजे मी. शेजारपाजारचे लोकही मलाच बोलावून न्यायचे आणि मी खांबाजवळ उभी राहून डोळे फाडफाडून बघायचे.

बघून बघून घरी आले आणि मसाल्याचा पाटा भिंतीला टेकवून उभा केला. दोन पाकळ्या भिजवून चिकटवल्या. "आज आई मला गूळ देईल का?" डावी पडली. पुन्हा विचारलं, उजवी पडली. तिसऱ्यांदा दोन्ही पडल्याच नाहीत, तशाच सुकल्या. आता ही देवी नव्हे, पाटा आहे, हे मला कळत होतं. पण पाटाही बोलतो की काय, म्हणून मी रोज दुपारी बसू लागले. जाड पाकळी, पातळ पाकळी, देठाकडची बाजू, टोकाकडची बाजू. आणि एक दिवस आईनं नुकतं माझं डोकं विंचरून तेल चोपडलं होतं, तेव्हा मी जिला हात लावला ती पाकळी दगडाला धरेचना. टेकवली की सुळकन खाली. दहा वेळा केलं. बोट भांगातून फिरवलं की पाकळी पडायची, राखेनं हात धुतला की टिकायची. मला इतका आनंद झाला की पाट्याभोवती नाचले. आत्यानं विचारलं, "काय गावलं गं?" मी म्हटलं, "काही नाही." ते गावलेलं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, एवढी अक्कल होती.

तर सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. आईच्या कडेवर बाळ, आत्याच्या हातात नारळ, माझ्या हातात तबक आणि डोक्याला हे एवढं खोबरेल.

मी ते का केलं, हे मला लोकांसारखं सजवून सांगता येत नाही. भावाच्या मायेनं केलं म्हणाले तर खोटं होईल. माया होती, पण ती तेव्हा मनात नव्हती. मनात दोनच गोष्टी होत्या. एक, मला डॉक्टरांची सुई जवळून बघायची होती. माझ्या दोन्ही दंडांवर दोन-दोन वण होते, पण मला घाटावर, आजोळी टोचलं तेव्हा मी तान्ही होते, काहीच आठवत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, पाट्याला तेल कळत नाही, पण देवीला कळतं का, हे मला बघायचं होतं.

गुरव उजव्या खांद्याची पाकळी नेहमी आधी घ्यायचा. त्यानं हात पुढे केला. मी डोकं खाजवल्यासारखं केलं, बोट भांगातून फिरवलं आणि एका पाकळीच्या पाठीला पुसून ती त्याला दिली. दुसरी तबकातूनच त्यानं उचलली. आत्यानं हात जोडून विचारलं, "आई, पोराला सुई लावू का?"

गुरवानं हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पाकळी पडली. इतक्या पटकन की गुरव चमकला. "लई खूश हाय देवी," तो म्हणाला. आईनं डोळे पुसले. आत्या मूर्तीकडे बघत राहिली. माझ्या पोराच्या वेळी अशी का बोलली नाहीस, असं बहुतेक तिला विचारायचं होतं. मी मात्र देवीच्या तोंडाकडे बघत होते, ती रागावली का ते. दगडाचं तोंड होतं तसंच होतं.

मंगळवारी शाळेची पडवी बायकापोरांनी भरली. मी डॉक्टरांच्या कोपराला कोपर लावून उभी. स्पिरिटचा दिवा, त्याची निळी ज्योत, ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा, डब्यात काडीएवढ्या बारीक काचेच्या नळ्या. सुई सुईसारखी नव्हतीच. एक छोटी दांडी, तिच्या टोकाला सदऱ्याच्या बटणापेक्षा लहान दातेरी चकती. नळीतला थेंब दंडावर टाकायचा, वर चकती टेकवायची आणि चावी फिरवावी तशी फिरवायची. बस. रक्त यायचं ते डास चावल्याएवढं.

"हे पाणी कसलं?" मी विचारलं.

"लस."

"कुठून आणतात?"

"पोरी, तुला टोचू का पुन्हा?" डॉक्टर म्हणाले. मी हात पुढे केला. ते हसले आणि म्हणाले, ही लस वासराच्या अंगावर वाढवतात, ती अंगात गेली की चार-पाच दिवसांनी तिथे फोड उठतो, आठ दिवसांनी भरतो, मग खपली धरते आणि मोठी देवी त्या पोराकडे फिरकत नाही. मी बाळाच्या दंडाकडे बघत राहिले. त्यानं एकदा भोकाड पसरलं आणि माझी वेणी दिसताच ती तोंडात घालायला धावला. "सुकू द्या, धुवू नका," असं डॉक्टर प्रत्येकीला सांगत होते, पण वीस पोरं एका सुरात रडत असताना कोण काय ऐकणार?

घरी आलो. आईनं बाळाला रहाटाजवळ लाकडी पाटावर बसवलं, कोयत्यानं शहाळं छाटलं आणि त्यातलं गार पाणी हळूहळू त्याच्या दोन्ही दंडांवर ओतलं. मग मऊ पदरानं टिपून घेतलं. यात मला काही वेगळं वाटलं नाही. आळीतली प्रत्येक आई तेच करत होती. धाकटी का होईना, देवी घरी आली, म्हणजे उष्णता आली. पाहुणीच्या पायावर पाणी घालतात तसं तिला शहाळ्याचं पाणी. आत्यानं कडुनिंबाचा डहाळा दाराला खोचला. त्या दिवसापासून घरात फोडणी बंद. जिऱ्याचा वाससुद्धा नाही. अळणी आमटी खाऊन माझं तोंड वाकडं झालं, पण फोड कसा उठतो ते बघायचं होतं म्हणून सोसलं.

पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी काही नाही. मी उठल्याबरोबर बाळाचे दंड बघायचे. ओरखडे सुकून गेले होते, कातडी गुळगुळीत. आठव्या दिवशी डॉक्टर तपासायला आळीत आले, बाळाचा दंड उजेडाकडे फिरवून बघितला आणि वहीत काहीतरी खरडून म्हणाले, "नाही उठली. अजून तीन दिवस मी चौलात आहे. तिकडे आणा, पुन्हा टोचतो."

ते सायकलवर टांग टाकून गेले. आत्या दारातला डहाळा काढत म्हणाली, "बोलवली आनि आली न्हाय. रुसली. कोनाचं तरी चुकलं. अशी रुसलेली मंग मोठी होऊन येते. आता परत सुई लावून तिला आनिक डिवचू नका."

माझं चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. पाट्याला तेल कळलं नव्हतं, देवीला कळलं होतं! मी तिला फसवून हो म्हणायला लावलं होतं आणि ती हो म्हणून आलीच नव्हती. आणि आता ती येणार होती ती माझ्याकडे नाही, बाळाकडे. त्याच दिवशी कळलं की आमच्या आळीच्या टोकाच्या घरात एका मोठ्या मुलीला ताप भरलाय आणि अंगावर पुरळ आहे. आमच्या घरापासून ते घर हाकेच्या अंतरावर. मला जेवण गेलं नाही. बाळ खदखदून हसलं तरी मला रडू यायचं. वेणी ओढली तर ओढू द्यायचे. तेव्हा मात्र मनात माया होती, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई रहाटावरच्या बैलाला हाकत होती. रहाटाचा कुईकुई आवाज एवढा होता की तिथे बोललेलं घरात ऐकू जात नसे. मी तिच्या मागे मागे गोल फिरत सगळं सांगून टाकलं. पाटा, पाकळ्या, तेल, भांग, गुरव. "आई, देवीला मला ने म्हणून सांग. बाळाला नको."

आईनं बैल थांबवला. मग माझ्या थोबाडीत अशी दिली की मी पाटाच्या पाण्यात बसले. "भवाने! देवीला फसवतेस? देवीला?" दुसरी थप्पड द्यायला तिनं हात उगारला आणि तो तसाच वर राहिला. ती माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"तेल लावल्यावर पडतेच?" तिनं विचारलं.

"हो."

"दर येळेला?"

"दर वेळेला."

"दाखव."

आत्या देवळात गेली होती. आईनं पाटा भिंतीला लावला. मी दाखवलं. मग तिनं स्वतः केलं. आधी उजवीला तेल, मग डावीला तेल, मग कोणालाच नाही. मग तिच्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, तिनं तेल लावलेली पाकळी राखेनं चोळून धुतली आणि चिकटवली. ती टिकली. आई गालाला हात लावून बसली. माझ्या गालावर तिची पाच बोटं उठली होती आणि मी हुंदके देत होते, तरी मला गंमत वाटली, की आईही माझ्यासारखीच आहे. तिला कोणी पाटा दिला नव्हता एवढंच.

"धुतल्यावर तेल जातं," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम माझा हात धरला. "डाक्टरनं दंडावर काय टाकलं व्हतं? पानीच व्हतं ना? थेंबभर?"

"लस. वासराची."

"आनि मी त्याच्यावर अख्खं शहाळं ओतलं." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! करायला गेले गनपती आनि झाला मारुती. देवी कशाला रुसंल? मीच तिला धुऊन काढली."

मग आम्ही निघालो. आईनं ना लुगडं बदललं ना माझं तोंड पुसलं. बाळाला झोळीत घातलं आणि वाडीच्या मागच्या वाटेनं चौलाकडे पाय उचलले. वाटेत देऊळ लागतं. आत्या तिथून परतताना समोरच आली. बाळाला बघून तिनं ओळखलं.

"अगं, कौल न लावता?"

आई थांबली नाही. पण मान खाली घालूनही गेली नाही. "वन्सं, आल्यावर सगळं सांगते. ह्या खेपेला कौल मीच दिला," ती म्हणाली. आत्या वाटेत उभी राहिली आणि आम्ही चालत राहिलो. इतकं धाडस मी आईत आधी पाहिलं नव्हतं. 

चौलात डॉक्टर एका देवळाच्या ओट्यावर बसले होते. आईनं शहाळ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"बाई, तुम्ही एकट्यांनीच केलं की सगळ्यांनी?"

"सगळ्याच करतात. रीत हाय आमची."

डॉक्टर ओट्यावरून उठले, चार पावलं गेले, परत आले. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. "दोन वर्षं!" ते म्हणाले. "दोन वर्षं मी या वाड्यांत टोचतोय आणि पोरांच्या देवी उठत नाहीत. मी वर लिहितो, लस उन्हानं मेली. वरचे लिहितात, तुमचा हात चालत नाही. आणि तुम्ही बाया घरी नेऊन नारळपाण्यानं आंघोळ घालताय? मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं का?" आई म्हणाली.

 त्यांनी बाळाचे दंड पुढे घेतले. या वेळी मी सुईकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. तिनं डोळे मिटले नव्हते. थेंब सुकेपर्यंत ती बाळाचे दोन्ही हात धरून उन्हात उभी राहिली आणि माशी बसू दिली नाही.

घरी आल्यावर आत्यानं काही विचारलं नाही, आईनंही त्या दिवशी काही सांगितलं नाही. पण पाचव्या दिवशी बाळाच्या दोन्ही दंडांवर लाल पुळ्या दिसल्या, आठव्या दिवशी त्या मोत्यासारख्या भरल्या, बाळाला ताप आला, आणि आत्यानं न सांगता दाराला डहाळा खोचला. "आली," ती म्हणाली. "आली बाय माझी." दंडाला कोणाचा हात लागू नये म्हणून आई बसायची, आणि बाळाला वारा घालायला आत्या. दोघी दोन दिवस आपापल्या जागेवरून हलल्या नाहीत.

मोठी देवी आमच्या आळीत शिमग्यापर्यंत राहिली. आमच्या शेजारच्या घरातलं दीड वर्षांचं पोर गेलं. त्यालाही टोचलं होतं, त्यालाही शहाळं घातलं होतं, आणि आईनं आळीतल्या घराघरांत जाऊन सांगेपर्यंत त्याला उशीर झाला होता. आई त्याच्या आईकडे रोज जायची आणि भांडी घासून यायची. आमचं बाळ अंगणात रांगत होतं, माती खात होतं, त्याला काही म्हणजे काही झालं नाही. वडील शिमग्याला आले, त्यांनी पोराला डोक्यावर उचललं आणि दंडावरच्या खपल्या बघून विचारलं, "ह्याला कधी टोचलं?" आई म्हणाली, "दोनदा." बाकीचं तिनं नंतर सांगितलं असेल.

आत्यालाही तिनं सांगितलं होतं, हे मला एका दुपारी कळलं. आई विहिरीवर होती. आत्यानं मला हाक मारली. पाटा भिंतीला टेकवून ठेवला होता. शेजारी पाण्याची वाटी, राखेची वाटी आणि एक ताजी जास्वंद.

"तुझी आई म्हनते, तू पाकळ्यांचं कायतरी दाखवतेस. मलाबी दाखव."

मला वाटलं, आता मार. पण ती शांत होती. मी बोट भांगातून फिरवलं, उजवीला लावलं, चिकटवलं. उजवी पडली. आत्या पडलेल्या पाकळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता डावीला लाव."

मी पाकळी उचलली, तेवढ्यात ती पुढे बोलली. माझ्याशी नव्हे, पाट्याशी बोलल्यासारखी. "माझ्या पोराच्या टायमाला घरात कुवार पोर नव्हती. फुलं मीच न्हेली व्हती. सकाळी न्हाऊन, डोक्याला तेल घालून."

नऊ वर्षांची होते मी, पण तेवढं मला कळलं. तिच्या पोराला वेळेवर टोचलं असतं तर काय झालं असतं, हे ती मला विचारत होती. आणि उत्तर माझ्या बोटावर होतं.  आयुष्यात मी असंख्य गोष्टी शोधून काढल्या असतील, पण शोधलेलं लपवावं असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

मी बोट पाण्यात खळखळून धुतलं. वाटीतली राख लावली, परकराला पुसलं. मग भांगातून फिरवल्यासारखं केलं, केसांना लागू दिलं नाही. दुसरी, बिनतेलाची पाकळी भिजवून डावीकडे दाबून बसवली. उजवीची पाकळी उचलताना अंगठा मात्र मी खरोखरच केसांत घातला होता.

मी हात काढला. उजवी पडली. डावी तशीच राहिली.

"बघ आत्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "डावीला तेल लावलं तरी उजवीच पडली. तेलाचं काही खरं नाही."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचे वण मी शंभर वेळा मोजले होते, पण ते तोंड मी नीट बघितलं ते तेव्हा.

"मंग ती देवीचीच मर्जी व्हती," ती म्हणाली.

"हो."

तिनं माझा हात हातात घेतला, माझा तेलकट अंगठा आपल्या पदरानं सावकाश पुसला आणि म्हणाली, "जा, बाळ उठलंय, त्याला घे."